पाऊस आहे, पाणी नाही

माणला राहतो असं सांगितलं की नात्यातले लोक हळहळतात. त्यांना वाटतं साताऱ्याचा माण तालुका, म्हसवड-दहिवडीचा, कायमचा दुष्काळी. मी हल्ली खुलासा करत बसत नाही. आमचं माण मुळशी तालुक्यातलं, हिंजवडीला लागून. इथे जून ते सप्टेंबर पावसाला तोटा नाही. पण मार्च लागला की गल्लीत टँकर सुरू होतो, आणि मग त्यांची हळहळ अगदीच वाया जात नाही.

गावाचा कारभार ग्रामपंचायतीचा. आयटी पार्क वाढत वाढत शिवारात आला. माणहून शिवाजीनगरला जाणारी 23 किलोमीटरची मेट्रो मार्गिका इथूनच निघते. उंच इमारती उभ्या राहिल्या, आणि त्यांत झाडलोट, धुणीभांडी, राखण करणारी माणसं पत्र्याच्या खोल्यांत. कुणी लातूरचं, कुणी सोलापूरचं, कुणी थेट बिहारचं. त्यांची मुलं संध्याकाळी माझ्याकडे उर्दू-मराठी शिकायला येतात. मराठीत पावसावर पाच ओळी लिहायला सांगितल्या होत्या. एकीने लिहिलं, पाऊस आला की अम्मी पत्र्याखाली पातेली मांडते आणि त्या दिवशी मला पाणी भरायला जावं लागत नाही. मोर नाही, छत्री नाही. मी पैकीच्या पैकी गुण दिले.

याच तालुक्यात मुळशीचं धरण आहे. त्याच्या विरोधात 1921 मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. धरण झालंच. त्याचं पाणी सह्याद्रीतून खाली कोकणात भिऱ्याला उतरवून वीज करतात. शंभर वर्षांपूर्वी पाण्याला डोंगर पार करता आला. आमच्या गल्लीत मात्र ते अजून चाकांवर बसून येतं. उलट 2025 च्या जूनमध्ये हिंजवडीचे रस्ते असे भरले की लोकांनी आयटी पार्कला वॉटर पार्क म्हणून घेतलं. ओढ्यांना वाट ठेवली नाही की दुसरं काय होणार!

हल्ली रमजान उन्हाळ्याच्या तोंडावर येतो. इफ्तारला दहा मिनिटं असताना टँकरचा हॉर्न वाजतो. बायका खजूर दुपट्ट्यात बांधून पाइप धरायला पळतात. नदीकाठी वुजू करतानाही पाणी उधळू नये, हे आम्ही लहानपणी शिकलो. इथल्या मुलांना ते शिकवावं लागत नाही, ती अर्ध्या लोट्यात वुजू करतात.

तक्रार करायची तर कुणाकडे? घरमालक म्हणतो, टँकर मागवतोय ना. ग्रामसभेत बोलायचं तर भाडेकरूचं नाव मतदार यादीत गावाकडचं. गाव महापालिकेत जाणार, ही चर्चा वर्षानुवर्षं ऐकतोय. यंदा चौघांनी इथल्या यादीत नाव घालायचे अर्ज भरले. रहिवासाचा पुरावा मागितलाय. भाडेकरार कुणाकडेच नाही, म्हणून या रविवारी मालकाला भेटायला आम्ही सगळे मिळून जाणार आहोत.