क्राऊन-पिनियनचा जोड

जुनी महिंद्रा जीप नव्याने बांधायला घेतली की मालक आधी इंजिनाबद्दल बोलतो. मी आधी विचारतो, गाडी चालणार कुठे? मागच्या डिफरन्शियलचं गुणोत्तर, म्हणजे त्यातल्या क्राऊन आणि पिनियन या दातेरी चाकांच्या दातांचं प्रमाण, त्यावर ठरतं.

खंडाळ्यात हा प्रश्न दारातच उभा आहे. उत्तरेला शिरवळकडे धावणारा महामार्ग, दक्षिणेला लगेच खंबाटकी घाटाचा चढ. जुन्या सीजे-थ्रीबीच्या क्राऊनला 43 दात, पिनियनला 8, म्हणजे 5.38. 39 आणि 8 दातांचा जोड घेतला तर 4.88. सोळा इंची जुन्या टायरवर, टॉप गिअरमध्ये ताशी साठला पहिल्या जोडात इंजिन सुमारे 2,370 फेरे घेतं, दुसऱ्यात 2,150. महामार्गावर हा फरक कानाला सुखावतो. भरल्या गाडीने घाट चढताना तोच अंगावर येतो. शेतावर आणि घाटात राबणाऱ्या जीपला मी 5.38च ठेवतो. फोर-व्हील गाडीत मागचं बदललं तर पुढचंही बदलावं लागतं, नाहीतर कोरड्या रस्त्यावर फोर-व्हील टाकताच ट्रान्सफर केसवर ताण येतो.

क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात. एकाचा दात तुटला तरी दोन्ही बदलायचे. भंगारातून आणलेला सुटा पिनियन कितीही चकचकीत असो, तो परक्या क्राऊनशी नांदत नाही.

खरी कसोटी शिम, म्हणजे अंतर जुळवणाऱ्या पातळ चकत्या, लावताना लागते. दातांमधला प्ले डायल गेजवर 0.13 ते 0.25 मिलिमीटरमध्ये आणायचा. मग शेंदूर तेलात कालवून क्राऊनच्या चार-पाच दातांना लावायचा, क्राऊनला हाताने अडवून धरत पिनियन फिरवायचा आणि दातांवरचा ठसा वाचायचा. ठसा मुळाशी उमटला तर पिनियन फार आत गेलाय; माथ्याशी उमटला तर बाहेर राहिलाय. शिम बदलायची, बेअरिंग पुन्हा दाबायचं, प्ले पुन्हा मोजायचा. ठसा दाताच्या मध्यावर येईपर्यंत घाई करायची नाही.

त्यानंतर खंबाटकी. चढताना दाताची एक बाजू भार घेते, पलीकडे वेळे गावाकडच्या उतारावर ॲक्सिलरेटरवरचा पाय सोडला की दुसरी. चढाला गुरगुर वेगळी, उताराला वेगळी. कोणती बाजू दुखतेय ते घाटच सांगतो. परतीच्या बोगद्यात भिंतींवरून आवाज परत येतो आणि बारीकशी शीळही लपत नाही. ती ऐकू आली तर हाऊसिंग पुन्हा उघडायचं. मालकाला दोन दिवस थांबवणं मला परवडतं. ज्याच्या भरवशावर तो कुटुंबाला घेऊन घाट उतरणार, तो जोड अर्धवट जुळवणं परवडत नाही.