पिल्लांवरचा मरळ

लॉकडाऊनमध्ये मला कॅनडाच्या तळ्यांचं वेड लागलं. नागपुरात, दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या फ्लॅटमध्ये, मे महिन्यात कूलरसमोर बसून मी ओंटारियोतल्या माणसांना मासे धरताना बघायचो. रस्ताच नाही अशा तळ्यावर ती माणसं पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानानं जातात, लाकडी खोलीत आठवडाभर राहतात आणि दिवसभर बोटीतून मुख्यतः दोन मासे शोधतात. एक वॉलआय. टॉर्च मारला की त्याचे डोळे मांजरासारखे चमकतात. कमी उजेडात त्याला चांगलं दिसतं, म्हणून तो दिवस मावळताना शिकारीला निघतो. दुसरा पाइक. लांबुडका, बदकाच्या चोचीसारखं तोंड, पाणगवतात न हलता थांबणारा आणि मासोळी टप्प्यात आली की बाणासारखा सुटणारा.

पाइक पहिल्यांदा बघितला तेव्हा मी आईला हाक मारली. ‘हा तर आपला मरळ!’ तिनं मोबाईल हातात घेऊन नीट बघितलं. ‘मरळाचं डोकं सापावानी असते. याले तं चोच हाये,’ म्हणाली आणि पोळ्या लाटायला परत गेली. तिचं बरोबर होतं. दोघांचं जवळचं काही नातं नाही. दबा धरायची सवय तेवढी एक.

आईला हे कळतं, कारण आम्ही ढिवर. मामा अजून गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात मासे धरतात. त्यांच्या गावाला मालगुजारी तलाव आहे. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून जास्त तलाव आहेत. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाच्या लोकांनी ते धानासाठी बांधले. मातीची पाळ, पाणी सोडायला तुडूम, जास्तीचं पाणी वाहून जायला सलंग. 1950च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले. मासे धरायचा ठेका आता ढिवरांची सोसायटी घेते. म्हणजे त्या पाण्यातला मासा मामांचा एकट्याचा नाही, गावातल्या सगळ्या ढिवर घरांचा आहे.

हे ऑफिसात कोणालाच माहीत नव्हतं. शाळेत एका पोरानं माझं दप्तर हुंगून वर्गाला हसवलं होतं, तेव्हापासून मी या बाबतीत तोंड बंद ठेवायला शिकलो. दप्तराला कसलाच वास नव्हता, हे अजूनही सांगावंसं वाटतं, यातच काय ते आलं. तर ऑफिसातल्या दोघांना मी कॅनडाचे व्हिडिओ दाखवले आणि बोलता बोलता म्हणालो, ‘माझ्या मामाच्या गावाला तळं आहे.’ एकजण म्हणाला, ‘अरे वा, फार्महाऊस?’ मी नाही म्हणालो नाही.

मग ऑनलाइन रॉड आले, रीळ आले, रबराचे बेडूक आले. हा बेडूक गवतावरून फुदकत ओढायचा असतो. मरळ खालून झडप घालतो.

जुलैत एका शनिवारी पहाटे निघालो. भंडाऱ्याला वैनगंगा ओलांडली, साकोलीहून आत वळलो. दोन्ही बाजूंना रोवणी चाललेली, बाया गुडघाभर चिखलात वाकलेल्या. दोघं मित्र खूश होते. मला मात्र मामांच्या घराचं छप्पर आठवत होतं आणि पोट ढवळत होतं.

मामा पाळीवरच भेटले, म्हणून घराची वेळ तूर्त टळली. त्यांनी डोंगा काढायची तयारी दाखवली. आम्ही म्हणालो, काठावरूनच टाकतो. तासभर काही लागलं नाही. मग एका मित्राला बेशरमीच्या झुडपांपलीकडे पाणी वेगळं दिसलं. पाऊस नव्हता, तरी घमेल्याएवढ्या जागेत पाणी बारीक उकळल्यासारखं हलत होतं. खाली केशरी ठिपक्यांचा ढग. मरळाची पिल्लं. मरळाला वरची हवाही घ्यावी लागते, म्हणून तो थवा सारखा वर येतो. आणि थव्याच्या खाली आईबाप राखण करत असतात.

मित्राला हे व्हिडिओवरून पाठ होतं. पिल्लांच्या मधोमध बेडूक टाकायचा. राखणीवरचा मरळ भुकेनं नाही, रागानं चावतो. तिसऱ्याच फेकीला लागला. दीड हात लांब, काळपट, जोरदार मासा. आम्ही ओरडलो. मामा पाळीवरून जवळजवळ धावत आले.

‘सोडा जी बाबू, लवकर सोडा त्याले.’

मित्र म्हणाला, ‘सोडणारच आहोत मामा, फक्त फोटो.’ मग माझा फोटो, मग त्याचा, मग गळ काढायला पक्कड सापडेना. मामा माझ्याकडे वळले. ‘तुले तं समजते ना बे? पिल्लावरचा मरळ कोनी धरते का?’

आणि मी, ढिवराचं पोर, म्हणालो, ‘मामा, याला कॅच अँड रिलीज म्हणतात. कॅनडात सगळे असंच करतात.’

मामांनी पाण्याकडे बोट केलं. केशरी ढग फुटला होता. खालून बारीक मासोळ्या येऊन पिल्लं टिपत होत्या. राखणीतला दुसरा मरळ कुठे दिसला नाही, आमच्या गोंधळानं तो दबला असावा. आम्ही मरळ सोडला तेव्हा तो क्षणभर आडवा पडला, मग गवतात गेला. पिल्लांकडे गेला की नाही, दिसलं नाही.

मला लाज वाटते ती यापुढच्या गोष्टीची. ओंटारियोत वसंत ऋतूत, वॉलआय अंडी घालतो तेव्हा, बऱ्याच ठिकाणी त्याची मासेमारी बंद असते. हे मी त्याच व्हिडिओंत ऐकलं होतं आणि ‘काय शिस्त आहे लोकांची’ म्हणून मान डोलावली होती. मामांच्या तोंडून तेच आलं तेव्हा मला ते म्हाताऱ्याचं खूळ वाटलं.

आणि मामांना मरळाचा पुळका यावा असं काही नाही. सोसायटी दरवर्षी पैसे मोजून रोहू, कतला, मृगळचं बीज तलावात टाकते. हे मासे वाहत्या नदीत अंडी घालतात, साचलेल्या पाण्यात नाही. 1957 साली हिरालाल चौधरी यांनी इंजेक्शन देऊन त्यांची पैदास करून दाखवली, त्यानंतर असं तयार केलेलं बीज विकत मिळायला लागलं. मरळ हे बीज खातो. म्हणजे हिशोबानं तो वैरीच. पण तो जिवंत बाजारात पोचतो, रोहूपेक्षा जास्त भाव घेतो आणि त्याचं बीज कोणाला विकत आणावं लागत नाही. ‘फुकटात वाढते बिचारा. निदान पिल्लं तं राखू द्या,’ एवढंच मामांचं म्हणणं.

दुपारी मामीनं झिंगे आणि भात वाढला. छप्पर सगळ्यांनी बघितलं, कोणी काही बोललं नाही. निघताना मित्रानं पाकीट काढलं. ‘मामा, तळ्याचं भाडं वगैरे?’

‘तलाव आमचा नाई जी. सोसायटीचा ठेका हाये. आमी ढिवर हावो,’ मामा म्हणाले. सहज, गावाचं नाव सांगावं तसं. मित्रानं माझ्याकडे बघितलं. मी गाडीची किल्ली शोधत राहिलो.

तो फोटो मित्रानं डीपीला ठेवला. मूळ फोटोत कडेला मामा उभे आहेत, हात पुढे केलेला. डीपीत तेवढी कड कापली आहे. सोमवारी डब्याच्या वेळी मी त्याला म्हणालो, ‘ते फार्महाऊस नव्हतं. आम्ही मासे धरणारेच.’ तो म्हणाला, ‘कळलं होतं,’ आणि पुढे विचारलं, मरळ नागपुरात कुठे मिळतो. मी इतकी वर्षं ज्याची तयारी केली होती ते एवढंच निघालं, आणि मला थोडा रागच आला.

यंदा जुलैत एकटा गेलो, रॉड न घेता. या भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळानं ढिवर बायांना सोबत घेऊन तलावांतली बेशरम उपटायचं आणि देशी पाणवनस्पती लावायचं काम केलं आहे. ते बघून मामांच्या गावच्या बायांनीही सुरुवात केलीय. मी दिवसभर त्यांच्यात होतो. बेशरमीचं मूळ सुटता सुटत नाही, आणि तुकडा पाण्यात राहिला तर परत फुटतो. तळहाताला फोड आले. मामी हसली, ‘कॉम्प्युटरचे हात हायेत.’

संध्याकाळी मामांनी डोंगा थांबवून वल्हं आडवं धरलं. पुढे पाणी बारीक उकळत होतं. आम्ही लांबून वळसा घालून काठाला आलो. अर्धी पाळ अजून बाकी आहे, पुढच्या शनिवारी ये म्हणाले.