पिवळी बस आणि सर्वांची पायवाट

आल्प्स पर्वत म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर प्रथम येतो तो हिंदी चित्रपट. बर्फात नाचणारी नायिका, मागे पांढरे शिखर आणि गाणे. त्यामुळे हा मुलूख नटनट्यांचा आणि पैसेवाल्यांचा, आपल्यासारख्यांनी तो पडद्यावरच पाहावा, असा समज घट्ट होऊन बसला आहे. वाचकहो, हा समज अर्धाच खरा आहे. स्वित्झर्लंड महाग आहे, फार महाग आहे, हे कबूल. परंतु तेथील डोंगर पाहण्यासाठी आलिशान मोटार लागत नाही. टपालाची पिवळी बस आणि आपले दोन पाय एवढ्यावर काम भागते.

मुलगी नोकरीनिमित्त त्या देशात आहे. तिच्याकडे आम्ही उभयता गेलो होतो. सप्टेंबरमध्ये आठ दिवस आम्ही तिघे याच दोन साधनांनी हिंडलो. पाहिले पुष्कळ, पण मनात राहिले ते दक्षिणेकडचे ब्रेगाल्या नावाचे लहानसे खोरे. त्याचीच हकीकत येथे सांगत आहोत.

टपालाची गाडी, माणसांची गाडी

या बसला तिकडे ‘पोस्टआउटो’ म्हणतात. पूर्वी टपालाच्या थैल्या घेऊन घोडागाडी घाट चढत असे, आणि त्याच गाडीत उतारूही बसत. १ जून १९०६ रोजी बर्न ते डेटलिगेन या मार्गावर पहिली टपाल मोटार धावली. डोंगरातल्या शेवटच्या घोडागाडीने मात्र १९६१ सालापर्यंत काम केले. ती आव्हेर्स खोऱ्यातील युफ या वस्तीकडे जात असे. समुद्रसपाटीपासून २१०० मीटरहून उंच असलेल्या या वस्तीत लोक बारमाही राहतात.

आम्हांला सर्वांत मोलाची वाटली ती एक सरकारी तरतूद. ज्या वस्तीत वर्षभर किमान १०० माणसे राहतात, तिला सार्वजनिक वाहनाने जोडण्याचा खर्च केंद्र सरकार आणि कॅन्टन मिळून उचलू शकतात. कॅन्टन म्हणजे आपल्याकडच्या घटक राज्यासारखे. तिकिटांतून खर्च निघत नाही, तो निघणारही नाही, हे धरूनच हिशेब मांडलेला असतो. डोंगरात राहतो म्हणून माणूस दूरचा ठरू नये, हा त्यामागचा विचार. या कारभारातही खोट निघाली होती. या बस कंपनीने नियमापेक्षा जादा अनुदान घेतल्याचे २०१८ मध्ये उघडकीस आले आणि २० कोटींहून अधिक फ्रँक परत करावे लागले. लोकांच्या पैशावर लोकांची नजर असली की असे होते.

घाटात आंधळे वळण आले की चालक तीन सुरांचा भोंगा वाजवतो. हे सूर रोसिनी या इटालियन संगीतकाराच्या ‘विल्यम टेल’ या संगीतिकेतून घेतले आहेत. ज्या घाटरस्त्यावर निळ्या पाटीवर पिवळे शिंग काढलेले असते, तेथे टपाल बसच्या चालकाने खूण केली की इतर वाहनांनी ती पाळायची, असा नियम आहे. मोटार कितीही भारी असली तरी ती मागे सरकते आणि बस पुढे निघते. हे दृश्य पाहताना आम्हांला फार बरे वाटले, हे कशाला लपवावे?

एका खिंडीतून तीन समुद्रांकडे

सेंट मॉरिट्झ हे श्रीमंतांचे गाव. त्याच्या रेल्वे स्टेशनाबाहेरूनच ब्रेगाल्याची बस सुटते. डाव्या हाताला सिल्वाप्लाना आणि सिल्स हे तलाव लागतात. रस्ता जवळजवळ सपाटच. १८१५ मीटर उंचीवर मालोया आले तरी आपण खिंडीत पोहोचलो हे कळत नाही. खरी गंमत खिंडीच्या पलीकडे आहे. तेथे जमीन एकदम तुटते आणि बस पिळाच्या वळणांनी साडेतीनशे मीटर खाली उतरते.

आम्ही मात्र मालोयालाच उतरलो आणि लुंगिन तलावाकडे चढू लागलो. दोन-अडीच तासांच्या चढणीनंतर हा निळाशार तलाव दिसतो. इन नदी येथूनच निघते. त्याच्याही वर २६४५ मीटरवर लुंगिनची खिंड आहे. येथे पडलेल्या पावसाला तीन वाटा फुटतात. एका उतारावरचे पाणी इन नदीने डॅन्यूबला मिळून काळ्या समुद्रात जाते. दुसऱ्या उतारावरचे ऱ्हाईन नदीतून उत्तर समुद्रात. तिसऱ्या उतारावरचे मायरा नदीने इटलीत उतरून पो नदीमार्गे एड्रियाटिक समुद्रात. त्या खिंडीत दगडावर बसून आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. वारा असा की चटणीची पुडी हाताने दाबून धरावी लागली.

विकोसोप्रानोची भिंत

मुक्काम विकोसोप्रानो गावी केला. दगडी घरे, अरुंद गल्ल्या, खिडक्यांत लाल फुले. हे एके काळी खोऱ्याच्या न्यायदानाचे ठिकाण होते. जुन्या कचेरीला लागून तेराव्या शतकातील गोल बुरूज आहे. त्यात संशयितांचा छळ करून कबुली घेतली जाई. सतराव्या शतकात या खोऱ्यात चेटूक केल्याच्या आरोपावरून खटले चालले. गुन्हेगाराला लोकांसमोर उभे करण्याची लोखंडी कडी कचेरीच्या भिंतीला आजही आहे.

गावाने ही खूण पुसून टाकलेली नाही. उलट येणाऱ्याला ती दाखवली जाते. आमच्या सहचारिणी त्या कड्यापाशी बराच वेळ उभ्या होत्या. “एवढं सुंदर गाव, आणि त्याच्या भिंतीवर हे,” त्या म्हणाल्या. सुंदर गावाला क्रूर इतिहास असू शकतो, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

पायवाट राज्यघटनेत

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने कासाच्चा या गावी परत आलो आणि सोल्योपर्यंतची वाट धरली. ही वाट खोऱ्याच्या उजव्या कुशीतून, जंगलातून आणि कुरणांतून जाते. पाटीवर पाच तासांच्या आसपास वेळ लिहिली होती. आम्हांला सात तास लागले. तेथील पाट्यांवर किती किलोमीटर ते लिहीत नाहीत, किती तास ते लिहितात. डोंगरात हेच खरे माप. पिवळी पाटी म्हणजे साधी वाट. पांढरा-तांबडा-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरवाट. तिला सवयीचे पाय आणि चांगले बूट हवेत. पांढरा-निळा-पांढरा पट्टा दिसला की अनुभवी माणसांखेरीज कोणी जाऊ नये.

या पाट्यांमागे एका शिक्षकाची कळकळ आहे. १९३० नंतर घाटांत मोटारी वाढल्या आणि पायी चालणाऱ्यांच्या वाट्याला धूळ आली. मैलेन गावचे शिक्षक योहान याकोब एस यांना, विद्यार्थ्यांना घेऊन चालताना, ही गोष्ट खटकली. त्यांच्या पुढाकाराने १९३४ मध्ये पायवाटांसाठी संघटना उभी राहिली आणि सर्वत्र सारख्या पिवळ्या पाट्या लागू लागल्या. पुढे फेब्रुवारी १९७९ मध्ये जनतेने मतदान करून पायवाटांचे कलम राज्यघटनेत घातले. त्यानंतर १९८५ चा कायदा आला. एखादी नोंदलेली पायवाट रस्त्याखाली वा बांधकामाखाली गेली, तर तिच्या बदली दुसरी वाट देणे बंधनकारक झाले. आज देशात अशा वाटांची लांबी सुमारे ६५,००० किलोमीटर आहे. त्याहून जुनी तरतूद त्यांच्या दिवाणी संहितेत आहे. जंगलात आणि कुरणात रूढीप्रमाणे कोणालाही जाता येते, रानफळे आणि अळंबी वेचता येतात, मग मालक कोणीही असो.

वाटेवरच्या वस्त्यांत दगडी हौद आहेत आणि त्यांत नळाचे पाणी अखंड पडत असते. पाणी पिण्याजोगे नसेल तरच तशी पाटी लावतात. आम्ही थांबलो, ओंजळ लावली, पोटभर प्यालो. कोण, कुठले, असे कोणी विचारले नाही. थंडगार पाणी होते.

ज्यांनी भिंती बांधल्या

चालताना समोरच्या कड्यावर करड्या रंगाची प्रचंड भिंत दिसते. ते आल्बिन्याचे धरण. उंची ११५ मीटर, बांधून पूर्ण झाले १९५९ मध्ये. त्याची वीज दूरच्या झ्युरिच शहरासाठी. त्या काळात या देशातील धरणे, बोगदे आणि रस्ते यांवर इटलीतून आणि पुढे इतर देशांतून आलेले हंगामी मजूर मोठ्या संख्येने राबले. १९३४ पासून २००२ पर्यंत त्यांच्यासाठी वेगळा परवाना होता. वर्षातले जास्तीत जास्त नऊ महिने काम करायचे आणि परत जायचे. बायकामुले आणायला मनाई. तरीही काही मजुरांनी मुले आणली आणि ती खोलीत लपवून ठेवली. शेजाऱ्याला कळू नये म्हणून त्या मुलांनी रडायचेसुद्धा नाही. ती मुले आता मोठी झाली आहेत आणि उघडपणे बोलू लागली आहेत. डोंगरावरचा सोयीचा रस्ता पाहताना तो कोणाच्या हातांनी झाला, हे विचारले पाहिजे.

या खोऱ्यातील माणसेही एके काळी अशीच पोटासाठी बाहेर पडली होती. मिठाई आणि केक बनवण्याच्या कामाला ती व्हेनिसला जात. १७६६ मध्ये व्हेनिसने त्यांना बाहेर काढले. मग ती युरोपभर पांगली. अशाच मिठाईवाल्यांच्या घराण्यातील एकाने मार्सेलहून पैसा आणून स्ताम्पाजवळ महाल वाढवला. त्यात आज या स्थलांतरितांचे प्रदर्शन आहे.

मागे राहिलेल्यांचे अन्न म्हणजे चेस्टनट. सोल्योच्या खाली, कास्तासेन्याकडे याची मोठी राई आहे. शरदात फळे वेचतात, लहान दगडी खोपटात आठवडेच्या आठवडे धुरावर वाळवतात, मग सोलून पीठ करतात. आज या पिठाचा केक हौसेने विकला जातो. पूर्वी ती गरिबाची भाकरी होती.

डोंगर सुटतो तेव्हा

सोल्योच्या चौथऱ्यावरून समोर पित्स बादिले आणि पित्स चेंगालो ही शिखरे दिसतात. दृश्य इतके देखणे की बोलणे थांबते. पण चेंगालोच्या अंगावर मोठी फिकट जखम आहे. २३ ऑगस्ट २०१७ रोजी तेथून सुमारे ३० लाख घनमीटर खडक कोसळला. खालच्या बोंदास्का खोऱ्यात त्या वेळी चालत असलेले आठ पदयात्री मरण पावले. चिखल आणि दगड बोंदो गावापर्यंत पोहोचले. आधीच्या दरडींनंतर तेथे इशाऱ्याची यंत्रणा बसवली होती, म्हणून गावकरी वेळेत बाहेर पडू शकले.

परंतु गावाला इशारा मिळाला, मग वाटेवरच्यांचे काय? वाट बंद का नव्हती? हा प्रश्न मृतांच्या नातलगांनी न्यायालयात नेला. सरकारी वकिलांनी चौकशी थांबवली होती. तो निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये रद्द केला. उंचावर खडकाच्या भेगांत कायम गोठलेले बर्फ वाढत्या उष्णतेने वितळते आणि खडकाची पकड ढिली होते, असे शास्त्रज्ञ सांगतात. २८ मे २०२५ रोजी वालिस कॅन्टनातील ब्लाटेन हे गाव हिमनदी आणि दरडीखाली जवळजवळ संपूर्ण गाडले गेले. सुमारे ३०० रहिवाशांना नऊ दिवस आधीच हलवले होते. तरीही एकाचा जीव गेलाच.

जाणाऱ्यांसाठी थोडे

परदेशी प्रवाशांना ‘स्विस ट्रॅव्हल पास’ मिळतो. तो आगगाडी, बोट आणि पिवळी बस या तिन्हींवर चालतो. आई किंवा वडिलांकडे हा पास असेल तर ६ ते १५ वर्षांच्या मुलांना मोफत कार्ड मिळते. गावोगाव थांबणारी साधी बस घ्यावी, म्हणजे कोठेही उतरता येते. शेवटच्या बसची वेळ आधी लिहून घ्यावी. निघण्यापूर्वी वाट चालू आहे की बंद, हे पाहावे. बंदची पाटी असेल तर निमूटपणे परत फिरावे. किआवेन्ना इटलीत आहे, म्हणून पासपोर्ट जवळ असू द्यावा. संकटकाळी बचाव हेलिकॉप्टरसाठी १४१४ हा क्रमांक आहे. आणि खाण्याचे घरूनच न्यावे, पाकिटाला आराम पडतो.

आल्प्सची शिखरे निसर्गाने दिली. पण शंभर माणसांच्या वस्तीला बस पोहोचते, परक्यालाही वाट आणि पाणी मिळते, हे निसर्गाने दिलेले नाही. ते माणसांनी मागून, मतदान करून, कायद्यात लिहून मिळवलेले आहे. वाट सर्वांची म्हटल्यावर तिच्यावर चालणाऱ्या प्रत्येकाच्या जिवाची जबाबदारीही सर्वांची होते. बोंदोच्या आठ जणांचे नातलग तेच विचारत आहेत.