फोटोतल्या सीनियर

१० ऑक्टोबर १८८५. फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजात डीनबाईंचा स्वागतसमारंभ होता, आणि त्या दिवशी तीन विद्यार्थिनींचा एक फोटो निघाला. डावीकडे साडीतल्या आनंदीबाई जोशी. मध्ये किमोनोतल्या केई ओकामी, तोक्योच्या. उजवीकडे दमास्कसच्या सबात इस्लांबुली, त्यांच्या मुलखातल्या पोशाखात. तिघींपैकी एकीच्याही चेहऱ्यावर हसू नाही.

आज हा फोटो ड्रेक्सेल विद्यापीठाच्या अभिलेखागारात आहे. आपल्याकडे तो ८ मार्चला व्हॉट्सअ‍ॅपवर उगवतो, आणि पुष्कळदा उरलेल्या दोघींना कात्री लागलेली असते. पहिली भारतीय महिला डॉक्टर म्हटलं की शेजारी कुणी बसलेलं आपल्याला चालत नसावं.

मला तो फोटो कापलेला बघवत नाही. पूर्ण पाहिला की तळाशी हाताने लिहिलेली नावंही दिसतात आणि खरी गंमत तिथेच आहे. तिन्ही नावांआधी ‘डॉक्टर’ लावलंय. फोटो निघाला तेव्हा तिघींतली एकही डॉक्टर नव्हती. आनंदीबाईंना पदवी मिळाली मार्च १८८६ मध्ये, ओकामींना १८८९ मध्ये आणि इस्लांबुलींना १८९० मध्ये. म्हणजे ही ओळ १८९० च्या आधीची असणं कठीण. तोवर आनंदीबाईंना जाऊन तीन वर्षं उलटली होती; २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या, बाविसावं वर्षही पुरं व्हायचं होतं. लिहिणाऱ्याने मोठ्या कौतुकानेच लिहिलं असणार, पण सबातची त्याने ‘तबात’ केली, आणि त्यांचे पती गोपाळराव जिथे पोस्टात होते, जिथून आनंदीबाई १८८३ मध्ये निघाल्या, त्या सेरामपूरचंही भलतंच काहीतरी करून ठेवलं. अभिलेखागारात बसणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. फोटोपेक्षा फोटोखालची ओळ जास्त तपासावी लागते.

त्या ‘डॉक्टर’ने एक गोष्ट मात्र हिरावून घेतली. या तिघी तेव्हा शिकत होत्या, हेच आपण विसरतो.

तसं पाहिलं तर फोटोही त्या बाबतीत काही मदत करत नाही. पुस्तक नाही, हाडांचा सापळा नाही, शाईचा डाग नाही. त्या काळी अमेरिकेतल्या मेडिकलच्या विद्यार्थ्यांना चिरफाडीच्या टेबलाभोवती उभं राहून फोटो काढून घ्यायची भारी हौस. मध्ये मृतदेह, भोवती अ‍ॅप्रन घातलेली ऐटबाज मंडळी. चिरफाड काही या तिघींना चुकली नसणार. पण यांचा फोटो काढायचा तर देशोदेशीचे पोशाख दिसले पाहिजेत, हा हिशेब साफ दिसतो. कॉलेजला त्यांचा अभिमान होता हे खरं, आणि त्यांची नवलाई मिरवायची होती हेही तितकंच खरं.

विद्यार्थिनी आनंदीबाई सापडतात त्या त्यांच्या पत्रांत आणि चरित्रांत. १८८८ मध्ये कॅरोलाइन डॉल यांनी इंग्रजीत चरित्र लिहिलं, १८८९ मध्ये काशीबाई कानिटकरांनी मराठीत. पुढे अंजली कीर्तने आणि मीरा कोसंबी यांनी कागद धुंडाळून धुंडाळून त्यांना पुन्हा उभं केलं. तिथे भेटते ती खोलीतली थंडी, नीट न पेटता धूर ओकणारी शेकोटी, आपलं आपण रांधलेलं शाकाहारी जेवण, आणि सारखी बिघडणारी तब्येत. परदेशी हॉस्टेलवर राहिलेल्या कुणालाही यातलं निम्मं तरी ओळखीचं वाटेल. आणखी एक. गोपाळराव तोवर अमेरिकेत येऊन पोचले होते. आपल्या मराठी गोष्टीत ते आनंदीबाईंच्या नावाला जोडूनच येतात, त्यांच्यावरच्या कादंबरीच्या नावातसुद्धा. या फोटोत ते नाहीत. इथे शेजारी आहेत त्या कॉलेजातल्या मैत्रिणी, किंवा निदान ओळखीच्या मुली.

तिघींना पदवी मिळाल्याची वर्षं पुन्हा एकदा ओळीने लावली की मला फोटो निराळाच दिसू लागतो. आनंदीबाई तेव्हा शेवटच्या वर्षाला होत्या आणि बाकीच्या दोघी मागच्या वर्गांत. वयाने अवघ्या विशीच्या असल्या तरी कॉलेजच्या हिशेबात आनंदीबाई सीनियर! डोक्यावर परीक्षा, शिवाय हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्रावरचा प्रबंध. तिघींना आपसात बोलायचं तर परक्या इंग्रजीतूनच. कुठला प्राध्यापक तोंडी परीक्षेत छळतो, कुठलं पुस्तक विकत घेऊ नये, धूर न करणारी खोली कुठे मिळते, हे नव्या मुलीला सीनियरच सांगते. पाठ्यपुस्तकात ते कुठे असतं? मार्चमध्ये पदवी घेऊन आनंदीबाई कॉलेजातून बाहेर पडल्या. त्यांच्या वह्या या दोघींपैकी कुणी मागून घेतल्या का, हे शोधायला एखादी पीएच.डी.ची विद्यार्थिनी फिलाडेल्फियाला निघाली, तर तिच्या तिकिटाला मी वर्गणी देईन.