जुडी, तेल आणि खुशबू

आमच्या समाजात सब्जा दोन ठिकाणी लागतो. बी फालुद्यात आणि डहाळी कबरीवर. जुम्मेरातीला दर्ग्याच्या वाटेवर फुलांच्या चादरींशेजारी सब्ज्याच्या जुड्या मांडलेल्या दिसतात. शबे-बरातला तर त्या पुरत नाहीत. अरबीत सुगंधी वनस्पतीला रैहान म्हणतात आणि सूरह रहमानमध्ये धान्यासोबत तिचाही उल्लेख आहे. शास्त्राच्या दृष्टीने सब्जा हा तुळशीचाच भाऊबंद.

आमच्या उर्दू शाळेत आठवीला एक मुलगी आहे. तिचे अब्बा द्राक्षबागेत फवारणीच्या मजुरीला जातात, अम्मी घरामागच्या तुकड्यात सब्जा लावून जुड्या विकते. वनस्पतींच्या वाढीचा धडा चालू असताना तिने विचारले, "सर, अंगूरके बागमें जीए मारते, वैसा सब्जेको मारे तो?"

जीए म्हणजे जिबरेलिक अ‍ॅसिड. नाशिककडच्या द्राक्षवाल्यांना ते मिठासारखे परिचित आहे. त्याचा इतिहास मात्र एका रोगापासून सुरू होतो. जपानी शास्त्रज्ञ कुरोसावा यांनी १९२६ साली दाखवून दिले की भाताची रोपे भलतीच उंच होऊन कोलमडतात, ती एका बुरशीच्या स्रावामुळे. तोच स्राव पुढे औषध ठरला. फरक मात्रेचा. दहा पीपीएम म्हणजे १०० लिटर पाण्यात अवघा एक ग्रॅम.

आम्ही बारा कुंड्या लावल्या. सहांना साधे पाणी, सहांना जीएची फवारणी. पावडर पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून आधी थोड्या स्पिरिटमध्ये विरघळवून घेतली. महिन्याभरात फवारलेली रोपे उंच झाली, पण त्यांचे देठ लांबट आणि पाने फिकट होती. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग डोळे बांधून पाने चुरगळून वास घ्यायला लावले, तेव्हा बहुतेकांनी साध्या कुंडीकडेच बोट दाखवले. ही काही शास्त्रीय मोजणी नव्हे, पण प्रश्न पुढे सरकला.

सुगंधी तेल पानावरच्या सूक्ष्म ग्रंथींत साठते. १०० ग्रॅम ताज्या पाल्यातून अर्धा मिलिलिटर तेल निघाले तरी पुष्कळ. म्हणून आम्ही फळ्यावर तीन हिशेब लिहिले: पाला किती, पाल्यात तेल किती, आणि तेलात काम करणारा घटक किती. उत्तर प्रदेशात बाराबंकीकडे मेंथा पिकवणाऱ्यांना तिन्ही मोजावे लागतात, कारण तेलाची किंमत त्यातल्या मेंथॉलवरही ठरते. लखनौची सीमॅप ही संस्था अशाच वनस्पतींवर काम करते. अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात पुदिन्यासारख्या पिकांवर जीए, ट्रायकॉन्टॅनॉल आणि समुद्रशेवाळातल्या अल्जिनेटवर गॅमा किरणांची प्रक्रिया करून बनवलेली फवारणी वापरून पाहिली गेली आहे. ट्रायकॉन्टॅनॉल लसूणघासातही सापडते. त्याने पिकाची वाढ होते, हे अमेरिकेत १९७७ साली जाहीर झाले. योग्य मात्रा, योग्य वेळ साधली तर पाला आणि तेल दोन्ही वाढू शकतात. नुसत्या उंचीवरून मात्र ते कळत नाही.

आमच्या शाळेत आठवीपुढे वर्ग नाहीत. नववीची उर्दू शाळा दूर आहे, रिक्षा लावावी लागते. अनेक मुलींची तालीम इथेच थांबते. या मुलीच्या रिक्षाचे पैसे सब्ज्याच्या जुड्यांतूनच येणार, म्हणून तिच्या अम्मीला आम्ही हे सगळे समजावून सांगितले. त्या म्हणाल्या, "जुडी बडी दिखेगी, पर खुशबू नहीं तो अगली जुम्मेरातको कौन आएगा?"

त्यांनी फवारणी केली नाही. शेणखत घातले, आणि कापणी आमच्या सांगण्यावरून फुलोऱ्यावर आणली, कारण त्या वेळी तेल भरलेले असते. जूनमध्ये मुलीचे नाव नववीत लागले. आता तिच्या वहीत पीपीएमचे गणित आहे आणि समासात अम्मीचा जुड्यांचा हिशेब. दोन्ही उर्दूत.