ऐकू आलं हो

आमची आई चौथीपर्यंतच शिकलेली; परंतु तिची स्मरणशक्ती विलक्षण होती. गावात कोणाची मुलगी कोणत्या घरी दिली, कोणत्या साली विहिरीचे पाणी आटले, हे सारे तिला मुखोद्गत असे. मी मराठीचा एम. ए. झालो, तरी एखादी म्हण अडली की तिलाच विचारीत असे.

पंचाहत्तरी उलटल्यावर तिला कमी ऐकू येऊ लागले. कोणी पाट मागितला की ती ताट घेऊन येई, आणि आम्ही सारे हसत असू. मुख्याध्यापक असलेला मीही त्यात होतो! कानाचे यंत्र 'आता या वयात कशाला' म्हणून आम्ही लांबणीवर टाकले. हळूहळू आईने ओसरीवर बसणे सोडले. घर माणसांनी भरलेले होते. पण तिच्याशी कोणी बोलत नव्हते.

मग विसरणे सुरू झाले. एखाद्याचे नाव मीही विसरतो व तासाभराने ते आठवते. आईचे तसे नव्हते. नित्याच्या देवळातून परतताना एके दिवशी ती वाट चुकली.

डॉक्टरांनी तिच्या मेंदूचे चित्र दाखविले. मेंदूत खोलवर समुद्रघोड्याच्या आकाराचा एक लहानसा भाग असतो. त्याचे हिप्पोकॅम्पस हे नावही त्या प्राण्यावरूनच पडले. नव्या आठवणी तेथे रुजतात. आईचा तो भाग आक्रसला होता. म्हणूनच सकाळी जेवल्याचे ती विसरे. माहेरची चिंच मात्र तिला फांदी न् फांदी आठवे. हा आल्झायमरचा आजार. १९०६ साली आलोइस आल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी एका मृत रुग्ण स्त्रीच्या मेंदूत पेशींबाहेर साचलेली पुटे व पेशींच्या आत गुंतलेले धागे पाहिले होते. हे साचणे विसरणे दिसू लागण्यापूर्वी कित्येक वर्षे मुकाट्याने चाललेले असते.

"आम्ही दुर्लक्ष केले म्हणून हे झाले का?" मी विचारले.

"तसे म्हणता येणार नाही. त्यांचे वय आहे, रक्तदाब आहे," डॉक्टर म्हणाले. "पण यंत्र आणा."

पुढे २०२४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञमंडळाने स्मृतिभ्रंशाची जोखीम वाढविणारी, पण दूर करता येण्याजोगी १४ कारणे मांडली. अपुरे शिक्षण, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान यांच्या पंक्तीत बहिरेपण आहे, एकटेपणही आहे. ही सारी दूर झाली, तर १०० पैकी सुमारे ४५ जणांचा आजार टळेल वा लांबेल, असा त्यांचा अंदाज आहे. ती यादी मी अनेकदा वाचली. बहिरेपणाच्या ओळीपाशी नजर अडतेच.

यंत्र आले, पण उशिरा. एके संध्याकाळी मी जवळ बसलो असता आईने पदर सावरला व अदबीने म्हणाली, "बसा मास्तर. आमचा मुलगा अभ्यास करतो ना? त्याला पुढे बसवा हो."

माझा कंठ दाटून आला. मी जवळ सरकलो आणि सावकाश म्हणालो, "करतो. रोज करतो."

"ऐकू आलं हो," आई म्हणाली, आणि पुन्हा अंगणाकडे पाहू लागली.