कळ आणि दांडा

गेल्या उन्हाळ्यांत आमचा भाचा अमेरिकेहून आला, तेव्हां त्यानें आमच्या चिरंजीवांसाठीं एक जड खोकें आणलें. त्यांतून निघालेली वस्तु पाहून तो शिवणयंत्राचा कांहीं तरी भाग असावा, असा आमच्या सौभाग्यवतींचा समज झाला. आणि खरें सांगावयाचें म्हणजे आमचा तर्कही त्याहून फारसा शहाणपणाचा नव्हता. हातभर रुंदीची एक काळी पेटी, तिच्यावर ओळीनें उभे केलेले चार दांडे, एका बाजूस दोन फिरत्या खुंट्या, समोर बटणांच्या रांगा आणि वेगाचे आंकडे दाखविणारी एक चिमुकली खिडकी, असें तिचें एकंदर रूप होतें. संगणकावर आगगाडी चालविण्याचा जो खेळ असतो, तो खेळतांना कीबोर्ड बाजूस सारून ही पेटी पुढ्यांत घ्यावयाची, असा खुलासा झाला. त्यावर घरांतून प्रश्न आला, "म्हणजे आतां गाडी जास्त खरी होणार का?" चिरंजीव हंसले. आम्हांला मात्र हा प्रश्न हंसण्यावारीं नेण्यासारखा वाटला नाहीं. तीस वर्षें तर्कशास्त्र शिकवून आम्हांस जी खोड जडली आहे तिला अनुसरून आम्ही त्याचा निकाल लावावयाचें मनांत घेतलें.

ज्या वाचकांच्या घरीं हा खेळ नाहीं त्यांच्यासाठीं थोडें सांगणें भाग आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें २००१ सालीं 'ट्रेन सिम्युलेटर' ह्या नांवाचा खेळ काढला. त्यांत निरनिराळ्या देशांतले सहा मार्ग होते. तो खेळ आतां जुना झाला, परंतु त्याचे मार्ग 'ओपन रेल्स' ह्या फुकट मिळणाऱ्या आज्ञावलीवर अद्याप चालतात. चिरंजीवांचा आवडता मार्ग अमेरिकेंतील माँटाना राज्यांतल्या मरायस खिंडीचा. खिंडीचा माथा ५,२१३ फूट उंच. तेथून पश्चिमेस मालगाडी उतरविणें हाच खेळाचा खरा गाभा, कारण त्या बाजूस रूळ कोठें कोठें दर ५५ फुटांमागें १ फूट खालीं जातात. कीबोर्डावर 'डी' ही कळ दाबली कीं इंजिनाची शक्ति एका पायरीनें वाढते, 'ए' दाबली कीं एका पायरीनें उतरते. गाडीचा ब्रेक लावावयाची कळ अवतरणचिन्हाची आणि सोडावयाची अर्धविरामाची. विरामचिन्हांवर इतक्या डब्यांचा जीव अवलंबून असल्याचें आम्ही आमच्या विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांतही कधीं पाहिलें नाहीं!

आतां कळ आणि दांडा ह्यांत भेद काय? कळ दाबून सोडली कीं ती पूर्वीच्या जागीं येऊन बसते. ब्रेक थोडा लागला आहे कीं पुरता, हें तिच्याकडे पाहून समजत नाहीं. पडद्याच्या कोपऱ्यांतला आंकडा वाचावा लागतो. दांडा जेथें ठेवावा तेथें राहतो. अंधारांत नुसता हात लावला तरी आपण काय करून ठेवलें आहे हें हाताला कळतें, आणि डोळे रुळांवर ठेवावयास मोकळे राहतात. एवढ्या पुराव्यावर दांड्याच्या बाजूनें निकाल देऊन आम्ही मोकळे झालों असतों. परंतु अनुभव आड आला. पंधरा दिवस रोज रात्रीं जेवणें आटोपल्यावर आम्ही दांड्यांवर आणि चिरंजीव कीबोर्डावर असा सामना झाला, आणि पंधराही दिवस आम्ही हरलों. आमची गाडी कधीं सिग्नलापुढें जाई, कधीं स्टेशनाच्या अलीकडेच लाजून उभी राही. चिरंजीवांचीं बोटें मात्र कळांवर अशीं नाचत कीं जणूं पेटीवादकच! गुण मोजून निकाल द्यावयाचा तर पेटीचा खर्च फुकट गेला, असेंच म्हणावें लागलें असतें.

शिवाय एका बाबतींत कळच अधिक खरी आहे, हेंही येथें कबूल केलें पाहिजे. अमेरिकन डिझेल इंजिनाच्या शक्तीला आठ पायऱ्या असतात. कळ एकदां दाबली कीं एक पायरी, हा हिशेब चोख आहे. आमच्या पेटीला सर्व जातींच्या इंजिनांचें सोंग घ्यावयाचें असल्यानें तिचा शक्तीचा दांडा गुळगुळीत सरकतो; पायरी हाताला लागत नाहीं. जपानांतील टायटो कंपनीनें १९९६ सालीं 'डेन्शा दे गो' हा खेळ खेळगृहांसाठीं काढला आणि १९९७ सालीं तो घरोघरच्या प्लेस्टेशनवर आणला, तेव्हां त्याच्याबरोबर शक्तीचा एक आणि ब्रेकचा एक असे दोन पायऱ्या-पायऱ्यांचे दांडेही मिळूं लागले. ज्या गाडीला पायऱ्या तिच्या दांड्यालाही पायऱ्या, हें तेथल्या लोकांचें धोरण आम्हांस फार पसंत आहे.

आमचें मत असें अधांतरीं असतांना मामा आले.

मामा म्हणजे आमच्या मातोश्रींचे धाकटे बंधु. वय ८३. बोरघाटांत विजेचीं इंजिनें चालविण्यांत त्यांचें आयुष्य गेलें. कर्जतला गाडीच्या मागें इंजिन जोडून तिला लोणावळ्यापर्यंत रेटीत न्यावयाचें काम त्यांनीं कित्येक वर्षें केलें. तेथली चढण ३७ फुटांस १ फूट. गेल्या दिवाळींत ते आले असतां आम्ही मोठ्या कौतुकानें त्यांना ह्या खेळापुढें बसविलें होतें. त्या वेळीं ही पेटी नव्हती. मामांनीं चष्मा वर केला, खालीं केला, एक कळ शोधून दाबली, दुसरी शोधीपर्यंत गाडी भरधांव निघाली आणि वळणावर रूळ सोडून दरींत गेली. चिरंजीवांना हंसूं आवरलें नाहीं. आम्हीही हंसलों. "आमचें वय झालें रे," एवढेंच बोलून मामा उठले, आणि चार दिवसांचा मुक्काम दोन दिवसांत आटोपून गेले. ज्या माणसानें सबंध गाड्या घाटांतून सुखरूप नेल्या त्याला आपण दोन विरामचिन्हांपायीं घरांत हंसें करून घालविलें, ही गोष्ट आम्हांला पुढें किती तरी दिवस सलत होती.

ह्या वेळीं आम्ही आग्रह केला नाहीं. पेटी मेजावर होती, इतकेंच. दुसऱ्या दिवशीं दुपारीं मामा आपण होऊन तिच्याजवळ गेले. प्रत्येक दांडा एकदां पुढें, एकदां मागें असा सरकवून त्यांनीं पाहिला. "हा गाडीचा ब्रेक, हा नुसत्या इंजिनाचा, होय ना?" चिरंजीव उडालेच, त्यांना हें कळावयास दोन दिवस लागले होते. शक्तीचाच दांडा मध्यापलीकडे ढकलला कीं मोटारी उलट ब्रेकचें काम करूं लागतात, हेंही मामांना सांगावें लागलें नाहीं. घाटांत १९२९ सालीं वीज आली तेव्हांपासून ती युक्ति तेथें चालत आली आहे.

मग मामांनीं मरायस खिंडीवरून मालगाडी सोडली. चढण किती तें विचारून "हा काय घाट!" म्हणाले, पण हात मात्र सावध होता. पेटीकडे त्यांनीं एकदांही पाहिलें नाहीं. गाडी जड होऊन रेटा देऊं लागली तेव्हां त्यांनीं ब्रेक बेतानें लावला, वेग आटोक्यांत आला, आणि मग दांडा किंचित् मागें घेऊन त्यांनीं ब्रेक थोडा हलका केला. त्यासरशीं सगळा ब्रेक सुटला आणि गाडी धांवूं लागली. मामांनीं पुन्हां लावला. ह्या वेळीं जोर कमी पडला. पुन्हां लावला, तो आणखीच कमी. शेवटीं संकटकाळचा ब्रेक ओढून गाडी कशीबशी थांबली.

कोणी हंसलें नाहीं. चिरंजीवांनीं हलक्या आवाजांत सांगितलें, "मामाआजोबा, अमेरिकन मालगाडीचा ब्रेक थोडा सोडतां येत नाहीं. सोडला कीं पुरता सुटतो. आणि डब्यांच्या टाक्यांत हवा पुन्हां भरावयास वेळ लागतो." मामांचे डोळे चमकले. त्यांच्या उमेदीच्या काळांत आपल्याकडे व्हॅक्यूम ब्रेक होता, आणि तो टप्प्याटप्प्यानें सोडतां येई. हाताला जन्माची जी संवय तीच त्यांनीं येथें केली. "म्हणजे चूक माझीच," ते म्हणाले, आणि ती चूक त्यांनीं एखाद्या मानकऱ्यासारखी अंगावर घेतली.

आमच्या प्रश्नाचें उत्तर आम्हांला त्या क्षणीं सांपडलें. दिवाळींत गाडी दरींत गेली ती चूक बोटाची होती. तिच्यापासून मामांना शिकण्यासारखें कांहीं नव्हतें, फक्त खजील होण्यासारखें होतें. आज झालेली चूक ड्रायव्हराची होती. दांड्यानें खेळणाऱ्याच्या चुका कमी होत नाहींत. आमच्या स्वतःच्या तर वाढल्याच. पण त्या गाडी चालविण्याच्या चुका होतात, टंकलेखनाच्या राहत नाहींत. हा लाभ ज्याला हवा त्यानें पेटी घ्यावी. ज्याला नुसते गुण हवेत त्याला कीबोर्ड पुरेसा आहे.

सौभाग्यवतींचा मूळ प्रश्न आम्ही मामांपुढें मांडला: गाडी जास्त खरी झाली का? मामा थोडा वेळ थांबून म्हणाले, "हात ओळखतो. पण बुडाखालीं कांहीं येत नाहीं. मागचे डबे रेटूं लागले कीं पहिल्यानें तें बसल्या जागेला कळतें, कांट्याला मागून." ह्या वाक्यावर आमच्या सबंध ग्रंथसंग्रहांत उत्तर नव्हतें. अमेरिकेंतील एडविन लिंक ह्यानें १९२९ सालीं विमान चालविण्यास शिकविणारें यंत्र तयार केलें, तेव्हां वडिलांच्या ऑर्गनच्या कारखान्यांत पाहिलेले भाते त्यानें त्याच्या खालीं बसविले, तें ह्याचसाठीं. बसल्या जागेला कळावें म्हणून. गंमत अशी कीं सैन्यानें १९३४ सालीं तें यंत्र घेण्यापूर्वीं त्याचे गिऱ्हाईक बहुतेक करमणुकीच्या बागांचे मालक होते. खेळ आणि विद्या ह्यांमधली भिंत किती पातळ असते, हें आम्हां मास्तर लोकांना सहसा उशिरां कळतें. चाळीस वर्षें मामा आमच्या घरीं येत आहेत. गाडी कशी उतरवितां, हें आम्ही त्यांना एकदांही विचारलें नव्हतें.

संध्याकाळीं मामांनीं चिरंजीवांना विचारलें, "ह्यांत आपला घाट आहे का रे?" मूळच्या सहा मार्गांत तो नाहीं. "मग करतां येईल?" मार्ग नव्यानें रचतां येतो, परंतु चढउतारांची आणि वळणांची खडान्‌खडा माहिती हवी, असें चिरंजीव म्हणाले. मामांनीं हात पुढें केला. जवळ दुसरा कागद नव्हता म्हणून आम्ही आमच्या एका जुन्या प्रश्नपत्रिकेची पाठकोरी बाजू दिली. पळसदरी, जांबरूंग, ठाकूरवाडी, नागनाथ, मंकी हिल, खंडाळा अशीं नांवें खालून वर लिहून मामा एकेका वळणाशीं थांबूं लागले. सुटलेली गाडी वळवून घ्यावयाच्या कॅच सायडिंगा त्यांनीं निराळ्या रेघांनीं दाखविल्या. दिवेलागणीपर्यंत ते मंकी हिलशीं पोंचले होते, आणि चिरंजीव दुसरा कागद शोधावयास उठले होते.